पंचशीला सिस्टर आणि माझं प्रेशर

पंचशीलाच्या मुलीचा, अश्विनीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर वर्षाच्या तिखटासाठी मिरच्या पसरवत होते. बोटं माखलेली, म्हणून फोन कोपरानंच स्पीकरवर टाकला. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. तिच्याकडं कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं, तो आवाज तेवढा येत होता. मी खाली आले, दोनदा साबणानं हात धुतले, आणि डोळे पुसले तेव्हा कळलं की तिखट काही गेलेलं नाही. तशीच ऑटोत बसून बोरगाव मेघेला त्यांच्या घरी पोचले. दारातल्या बायांना वाटलं, मॅडम वाटभर रडत आल्या. रडले होतेच, पण खरं सांगायचं तर निम्मं श्रेय मिरच्यांचं होतं. हे पंचशीलाला सांगता आलं असतं तर ती पोट धरून हसली असती.

पंचशीला म्हणजे माझ्या शाळेच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स. मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेत मराठी शिकवायचे, ती तिथंच, शाळेच्या मागच्या दोन खोल्यांच्या उपकेंद्रात. दोघी वर्ध्याहून ये-जा करायचो. सकाळी एसटीनं जामच्या चौफुलीपर्यंत, तिथून मिळेल त्या काळीपिवळी जीपनं गावात. एवढी वर्षं एका बाकावर बसून प्रवास केला की मैत्री होते की नाही ते ठाऊक नाही, पण एकमेकींच्या डब्यात काय असतं ते पाठ होतं. पहिली दोन वर्षं ती मला "मॅडम, तुम्ही" म्हणायची आणि मी तिला "सिस्टर, तुम्ही". पुढं "तुम्ही" गळून पडलं, पण "मॅडम" काही सुटलं नाही. "मॅडम, तू जेवली का?" असं तिचं चालायचं, आणि ते ऐकून नवे मास्तर गोंधळायचे.

तिचे वडील शेतमजूर होते. घरातली शिकलेली ती पहिली मुलगी, आणि नर्सिंगला गेलेली त्यांच्या वस्तीतली पहिली. त्याचा तिला अभिमान होता आणि ती तो लपवत नसे. आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंनी तिला पाणी दिलं ते कपाटात मागं वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात. तिनं ते पाहिलं, मीही पाहिलं, आणि मी काही बोलले नाही... ती मात्र पाणी प्यायली, पेला स्वतः विसळला, इतर पेल्यांच्या रांगेत मधोमध ठेवला आणि सासूबाईंना म्हणाली, "आजी, आता द्या बरं हात. नाडी पाहतो." पुढं सासूबाई तिच्याशिवाय कुणाकडून इंजेक्शन घ्यायला तयार नसत. पण त्या दिवशी मी गप्प राहिले, हे मी इथं लिहून ठेवते.

मला एकोणपन्नासावं लागलं आणि पाळी थांबली. पाळी थांबल्याचं काही वाटलं नाही. सुटले म्हणून मी आनंदातच होते. पण दोनतीन महिन्यांत जे सुरू झालं त्याला काय म्हणावं ते मराठीच्या शिक्षिकेलाही सुचेना. फळ्यावर लिहिता लिहिता छातीतून वर एकदम वाफ निघायची, मान, कान, कपाळ पेटायचं, ब्लाउज पाठीला चिकटायचा आणि पाच मिनिटांनी हुडहुडी भरायची. डिसेंबरच्या थंडीत मी वर्गात पंखा लावायचे आणि पोरं स्वेटरची कॉलर वर ओढून बसायची. झोप उडाली. ज्या कविता वीस वर्षं तोंडपाठ होत्या त्यांची ओळ मध्येच हरवायची. यजमान बिचारे "काय झालं?" असं विचारायचे आणि तेवढ्यावरून मी भांडायचे. सासूबाई म्हणायच्या, "सगळ्याच बायकायचं होते वं. आमचं का झालं नसन? कोणाले सांगतलं का आम्ही?" त्यांनी सांगितलं नाही, हे खरंच होतं.

शेवटी मी एकटीच वर्ध्यातल्या एका डॉक्टरांकडं गेले. त्यांनी तपासलं, काही चाचण्या केल्या आणि हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवड्यांत मी परत माणसात आले. यापेक्षा दुसरा शब्द माझ्याकडं नाही. झोपू लागले, हसू लागले, ओळी परत आल्या. यजमानांनी एकदा भीत भीत विचारलं, "बरं वाटते ना आता?" आणि मी भांडले नाही.

पंचशीलाला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. कारण तिचं मत मला माहीत होतं. गावातली कुणी बाई अशा गोळ्यांचं नाव काढायची, की ही सरळ सांगायची, "त्या गोळीच्या नादी लागायचं नाई." का, ते विचारायची सोय नव्हती. तिच्या आवाजातच पूर्णविराम असायचा.

चारेक महिने गेले असतील. एका शनिवारी ती शाळेत मुलांच्या तपासणीला आली आणि रिकाम्या तासाला स्टाफरूममध्ये बसून सगळ्या शिक्षकांचे बीपी बघू लागली. माझा पट्टा सोडला, परत बांधला, परत सोडला. मग सगळ्यांसमोर काही न बोलता मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"मॅडम, एकशे सत्तरच्या वर हाय. खालचंही शंभरच्या वर. मागच्या साली तुझं एकदम बरोबर होतं. नवीन काही घेऊन राह्यली का तू? गोळी, काढा, काही?"

"काही नाही," मी म्हणाले.

आयुष्यात मी मुलांना खोटं बोलू नये म्हणून किती निबंध लिहायला लावले असतील... आणि इतकं सरळ, इतकं थंडपणे खोटं मी बोलले. तिनं माझ्याकडं पाहिलं, मान हलवली आणि "सोमवारपासून रोज पाहू" म्हणून निघून गेली. मला तेव्हा बीपीची भीती वाटली नाही. भीती वाटली ती गोळी जाण्याची.

पुढच्याच आठवड्यात, परतीच्या वाटेवर, जामच्या चौफुलीवर एसटीची वाट पाहत असताना माझं डोकं असं ठणकायला लागलं की समोरच्या ट्रकवरची अक्षरं दोन दोन दिसू लागली. पंचशीलानं मला चहाच्या टपरीच्या बाकावर बसवलं, पिशवीतून मशीन काढलं आणि रहदारीच्या त्या गोंगाटात कानात नळ्या घालून बसली. आकडा बघून तिचा चेहराच उतरला. मग मात्र मी सांगून टाकलं. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात दिली.

"काऊन लपवलं वं?" ती ओरडली. टपरीवाल्यानं हातातली किटली तशीच धरून आमच्याकडं पाहिलं. "आजपासून बंद. एक गोळी घ्यायची नाई."

"नाही बंद करणार," मीही ओरडले. "घरी नि वर्गात मी कशी झाले होते ते तू पाहिलं नाहीस! मरेन पण तसं जगणार नाही."

"मरशीन तर मरशीन. पण लकवा झाला तर? अंथरुणावर कोण करन तुझं?"

तिनं मला तशीच डॉक्टरकडं नेलं, म्हणजे सरकारी दवाखान्यात. तिथं इंजेक्शन झालं, बीपीची गोळी सुरू झाली. हार्मोनची गोळी मी तिच्या धाकानं सोडली. बीपी उतरलं, आणि दोन आठवड्यांत ते सगळं परत आलं, आधीपेक्षा दुप्पट जोरानं. एकदा वर्गात एका मुलीनं एकच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला म्हणून मी तिची वही भिरकावली. ती मुलगी रडली नाही, नुसती बघत राहिली. त्या दिवशी मी घरी येऊन स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. शिकवणं हे एकच काम मला येत होतं, आणि ते आता मला येत नव्हतं.

पंचशीला दुसऱ्या दिवशी घरी आली तेव्हा अर्ज टेबलावर होता. तिनं तो उभ्यानंच वाचला. मग खुर्चीत बसली, पुन्हा वाचला.  

"मॅडम, माझी चूक झाली," ती म्हणाली. "बंद कर म्हणणं सोपं होतं. पुढं काय, ते मी पाह्यलंच नाई."

आणि मग ती कामाला लागली. अर्ज तिनं घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकला, तो मला परत कधी दिला नाही. शाळेची एक दुरेघी वही घेतली आणि सकाळ-संध्याकाळ माझं बीपी मोजून त्यात लिहू लागली. गोळी चालू असतानाचे जे आकडे तिला आठवत होते ते पहिल्या पानावर, बंद केल्यानंतरचे पुढं. शेजारच्या रकान्यात मला विचारून लिहायची : आज वाफा किती वेळा आल्या, झोप किती लागली, रडले का. ती वही भरत आली तसं तिनं फर्मान काढलं, "चाल, त्याच डॉक्टरकडं जाऊ."

डॉक्टरांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. बाहेर गर्दी होती आणि समोर गावातली एक नर्स वही उघडून बसलेली. "सिस्टर, आता तुम्ही मला शिकवणार का?" त्यांनी विचारलं.  पंचशीला जागची हलली नाही.

"नाई सर. शिकवून नाई राह्यली. आकडे दाखवून राह्यली. गोळी चालू होती तेव्हा हे, बंद केली तेव्हा हे. आणि बंद केल्यावर बाईचं काय झालं ते हे. तुम्हीच सांगा आता."

डॉक्टरांनी वही ओढून घेतली. पहिली दोन पानं भराभर उलटली, मग परत मागं आले आणि सावकाश वाचू लागले. मला म्हणाले, "बाई, गोळ्या सुरू केल्यावर तुम्हाला परत बोलावून प्रेशर बघायला हवं होतं. ते राहून गेलं." मोठ्या डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं आणि त्या माणसाबद्दल मला आदर वाटला, तो अजून आहे. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पाळी गेल्यावर बायकांचं प्रेशर तसंही वाढू लागतं, त्यामुळं सगळा दोष गोळीवर टाकू नका. पण तोंडानं घेतलेली हार्मोनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते, आणि काही जणींच्या शरीरात तिथं अशी द्रव्यं वाढतात की त्यानं प्रेशर चढतं. तेच औषध जेलच्या रूपात कातडीवर चोळलं तर ते यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं, आणि प्रेशरवर सहसा तेवढा परिणाम होत नाही. गर्भाशय आहे म्हणून त्याच्या जोडीला दुसरं हार्मोन घ्यावं लागेल. आधी प्रेशर महिनाभर ताब्यात ठेवून दाखवा, मग सुरू करू, आणि दर महिन्याला ही वही घेऊन यायचं.

"वही मी आणतो," पंचशीला म्हणाली.

दवाखान्यातून परतताना ऑटोत ती कडेला बसली होती. गर्दीचा रस्ता मागं पडला तेव्हा ती आपणहून बोलू लागली. तिची मोठी बहीण, विमल, अशाच गोळ्या घ्यायची. कुणाच्या तरी सांगण्यावरून मेडिकलमधून आणलेल्या, कुठल्याही डॉक्टरला न दाखवता. वर्षभरात तिला लकवा झाला आणि सहा वर्षं ती अंथरुणावर होती. "मी नर्स, मॅडम. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं बीपी मी त्याच्या आधी एकदाही मोजलं नोतं. तिले किती सालांपासून होतं, कोणाले मालूम? गोळीनं केलं का न मोजलेल्या प्रेशरनं केलं... मी गोळीले धरलं. तेच सोयीचं होतं मले."

मी तिचा हात धरला. तिनं तो थोडा वेळ धरू दिला.

महिन्यानं जेल सुरू झालं. वर्ध्यात ते मिळेना, नागपूरहून मागवावं लागे. गोळीइतक्या झटपट नाही, पण दीड-दोन महिन्यांत वाफा विरत गेल्या, झोप आली, आणि वहीतले आकडे चढले नाहीत. ज्या मुलीची वही मी भिरकावली होती तिची मी वर्गासमोर माफी मागितली. चार वर्षांनी डॉक्टरांनी जेल हळूहळू कमी करून बंद केलं. बीपीची एक छोटी गोळी आजही चालू आहे. आणि मी पूर्ण नोकरी करून, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हार घालून घेऊन निवृत्त झाले.

त्यानंतरची पंचशीला वेगळी होती. गावातल्या ज्या बायांना तिनं पूर्वी हाकलून लावलं होतं, त्यांच्या घरी ती एकेक करून गेली आणि म्हणाली, "मी तुले अर्धवट सांगतलं होतं." किती माणसांना हे जमतं? मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. चुकीचं शिकवलेलं दुरुस्त करायला विद्यार्थ्याच्या घरी गेल्याचं मला आठवत नाही.

निवृत्त झाल्यावर तिनं बोरगाव मेघेतल्या घराची पुढची खोली रिकामी केली आणि दर बुधवारी दुपारी बायांसाठी उघडायला सुरुवात केली. पंचेचाळिशीच्या पुढच्या कुणीही यावं, बीपी मोजून घ्यावं, आणि घरी जे कुणाला सांगता येत नाही ते इथं बोलावं. बाया आधी लिंबाचं लोणचं विचारायच्या निमित्तानं आल्या, मग निमित्त लागेनासं झालं. मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकवून, हातात काही न घेता. एक मावशी त्या पाच मिनिटांतच रडायला लागल्या. म्हणाल्या, "नुसतं बसायले कोणी सांगतलंच नाई वं आजपावतर."

औषध तिनं कुणाला दिलं नाही. तिची भाषा पक्की ठरलेली होती : "हार्मोन घ्यायचं का नाई, ते तू आणि डॉक्टर मिळून ठरवा. पण मोजायचं का नाई, ते ठरलेलं हाय." एकीची पूर्वी स्तनातली कर्करोगाची गाठ काढलेली होती, तिला घेऊन ती स्वतः दवाखान्यात गेली, डॉक्टरांनी हार्मोन नाहीच म्हणून सांगितल्यावर "मग दुसरं काय देता?" असं विचारून औषध लिहूनच उठली. एकीचा नवरा दारात येऊन म्हणाला, हे सगळे बायांचे नखरे आहेत. पंचशीलानं त्याला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि त्याचं बीपी मोजलं. ते बायकोपेक्षा जास्त निघालं. पुढं तो बायकोला सोडायला यायचा आणि स्वतःचाही हात पुढं करायचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिला जेवण जाईना. कावीळ समजून तपासलं तर स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, पसरलेला. डॉक्टरांनी तिला किती दिवस ते सांगितलं नाही; तिनं स्वतःच त्यांच्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं. नंतरच्या बुधवारी मला म्हणाली, "मॅडम, तू शिकून घे."

"मी? अगं, मी मराठीची बाई."

"मागच्या बाकावरची कुजबुज तुले ऐकू येत होती ना? मग हेही येईन."

आलं नाही. महिनाभर मला नळीतून काहीच ऐकू येईना, माझाच श्वास तेवढा. आपोआप आकडा दाखवणारं मशीन घेऊया म्हटलं तर ती म्हणाली, ते ठेव जवळ, पण त्याचे सेल उतरले तर का बायाइले वापस पाठवशीन? स्वतःचाच हात ती पुढं करायची. तो हात दर आठवड्याला बारीक होत होता. पट्ट्याचा एक एक वेढा वाढत गेला... आणि एका दुपारी, उशीला टेकून बसलेल्या तिच्या कोपरापाशी, मला ते ऐकू आलं. टक्, टक्, टक्. आधी स्पष्ट, मग दबकत, मग नाही. मी आकडा सांगितला. तिनं माझ्या कानातल्या नळ्या काढून स्वतःच्या कानात घातल्या, मोजलं, आणि म्हणाली, "बरोबर. आता मले काही काळजी नाई." ती हे समाधानानं म्हणाली. तिच्या शेवटच्या दिवसांची आठवण म्हणून मला दुःखी असं फारसं काही सांगता येत नाही, ते यामुळं. ज्या गोष्टी तिच्या हातात होत्या त्या तिनं पूर्ण करून ठेवल्या होत्या.

ती गेली त्याला आता दीड महिना झाला. पहिला बुधवार आम्ही बंद ठेवला. दुसऱ्या बुधवारी मी दुपारी गेले तर पंधरावीस बाया अंगणात आधीच बसलेल्या. अश्विनीनं खोली उघडली, चटई टाकली. ती नागपूरला बँकेत असते, आईच्या या बुधवारांत तिनं कधी लक्ष घातलं नव्हतं. "आईचा दरबार" म्हणून चिडवायची. त्या दिवशी ती दारापाशी उभी राहून बघत होती. मी एकेकीचं मोजत होते आणि ऐकू येत होतं. शेवटची बाई उठून गेली. मी पट्टा गुंडाळायला घेतला तेव्हा अश्विनी पुढं आली, स्टुलावर बसली, बाही वर केली.

"मावशी, माझं घे."

"तुला कशाला? तू तर अजून चाळिशीची नाहीस."

"घे."

मी पट्टा बांधला, हवा भरली, नळ्या कानात घातल्या. तिच्या नाडीचा आवाज चांगला ठणठणीत होता, तरुण. "एकशे अठरा, शहात्तर," मी म्हणाले. "उत्तम आहे. ऊठ." ती उठली नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज अगदी आईसारखा होता, वाद घालू न देणारा.

"पुन्हा घे, मावशी. आई दोनदा घ्यायची."

मी पट्ट्यातली उरलेली हवा सोडली आणि पुन्हा भरायला सुरुवात केली.